सायबेरियन ट्रॅप्स आणि पर्मियनअखेरचे महाविलोपन

उत्तर सायबेरियातील बेसाल्टी लाव्ह्याचा अतिविशाल प्रदेश म्हणजे सायबेरियन ट्रॅप्स. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी येथे वर आलेला शिलारस हे पृथ्वीवरील सर्वांत भीषण महाविलोपनाचे मुख्य कारण मानले जाते. ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले. सह्याद्रीच्या कड्यांत एकावर एक बसलेले काळ्या कातळाचे थर ज्याने पाहिले आहेत, त्याला ही रचना ओळखीची वाटेल. दख्खनचे थर मात्र बरेच अलीकडचे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. डायनोसॉरांच्या अंतात त्यांचा वाटा किती आणि मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील लघुग्रहाच्या आघाताचा किती, यावर अजून एकमत नाही.

लाव्हा कितीही पसरला तरी त्याची धग सायबेरियापुरतीच. मग दूरच्या समुद्रांतले जीव का मेले? उत्तर जमिनीखाली आहे. लाव्हा बराच काळ वाहत होता, तरी विलोपन सुरू झाले नव्हते. सेथ बर्जेस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की शिलारस वर न येता तुंगुस्का खोऱ्यातील गाळाच्या थरांत आडवा घुसू लागला, तो काळ विलोपनाच्या आरंभाशी जुळतो. त्या थरांत दगडी कोळसा, चुनखडी आणि मिठाचे जाड साठे होते. भट्टीत घातल्यासारखे ते भाजले गेले आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन व क्लोरीनयुक्त वायू प्रचंड प्रमाणात हवेत गेले. विषुववृत्ताजवळचे समुद्र ८ ते १० अंश सेल्सिअसने तापले. पाण्यातला प्राणवायू घटला, आम्लता वाढली. चीनच्या झेजियांग प्रांतातील मेइशान येथे, राखेच्या थरांतील झिरकॉन स्फटिकांवरून, हा संहार सुमारे ६० हजार वर्षांतच उरकल्याचे दिसते. समुद्रातील दहापैकी आठ-नऊ जाती गेल्या. ट्रायलोबाइटांचे शेवटचे वंशजही त्यांतच संपले.

जमिनीवर ग्लॉसोप्टेरिसची अरण्ये उजाड झाली. चंद्रपूरच्या खाणींतून आज निघणारा कोळसा याच झाडांच्या, विलोपनापूर्वीच्या दलदलींचा. दामोदर खोऱ्यात राणीगंजच्या कोळशाच्या थरांवर पंचेत शैलसमूहाचे खडक येतात. त्यांत कोळसा नाही. जगात इतरत्रही पुढची जवळजवळ एक कोटी वर्षे कोळसा साचलेला आढळत नाही.