हातावरचं जेरुसलेम

१५९६ साली बेथलेहेममध्ये काही यात्रेकरू हातावर क्रूस गोंदवून घेत होते. त्यांच्यासोबत आलेले दोन इंग्रज भाऊ, फाइन्स आणि हेन्री मॉरिसन, मात्र बाजूला राहिले. फाइन्सने पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्याचं कारण लिहून ठेवलं. घरी पोचेपर्यंत अजून कितीतरी राज्यं ओलांडायची होती, आणि ज्यावरून कुणीही आपल्याला ओळखेल अशी न पुसणारी खूण अंगावर बाळगायची त्यांची तयारी नव्हती. या नकाराला भित्रेपणा म्हणता येणार नाही. मॉरिसन प्रॉटेस्टंट होता आणि कॅथलिक मुलखांतून आपली ओळख लपवत फिरला होता. धर्मावरून माणसाचा जीव जाण्याचा तो काळ होता.

सोळा वर्षांनी, १६१२ मध्ये, विल्यम लिथगो नावाचा स्कॉटिश भटक्या जेरुसलेमला पोचला आणि त्याने नेमकं उलटं ठरवलं. बेथलेहेमचा एलायस हा स्थानिक ख्रिस्ती माणूस फ्रान्सिस्कन मठाला सामानसुमान पुरवायचा आणि यात्रेकरूंना गोंदूनही द्यायचा. त्याच्याकडून लिथगोने येशूचं नाव आणि जेरुसलेमचा क्रूस काढून घेतला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. आपल्या राजाचे, पहिल्या जेम्सचे, मुकुटही त्याने त्याखाली गोंदवले आणि एलायसच्या हातावर दोन पियास्तर ठेवले. पुढे १६२० मध्ये स्पेनच्या मालागा बंदरात हेर समजून त्याला पकडलं. अनन्वित छळ झाला, आणि हातावरचा मुकुट दिसल्यावर तिथलं मांसच कापून काढण्याचा हुकूम सुटला. लिथगो कसाबसा जिवंत सुटला. इंग्लंडला परतल्यावर त्याचं मोडलेलं शरीर अंथरुणावरूनच राजासमोर न्यावं लागलं. मॉरिसनची भीती लिथगोच्या हातावर खरी ठरली होती.

तरीही लोक गोंदवत राहिले, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. आज पहिला टॅटू काढायचा म्हटलं की माणूस महिनोन्‌महिने कलाकारांची कामं पाहतो, मित्रांना विचारतो, चित्र बदलतो, पुन्हा पहिल्या चित्रावर येतो. जेरुसलेमच्या यात्रेकरूला एवढी सवड नव्हती. समुद्रातून आणि चाच्यांतून वाचून तो इथवर आलेला असे, हाताशी मोजके दिवस असत, भाषा परकी असे. एवढ्या अवधीत एका अनोळखी माणसापुढे त्याला हात धरायचा असे, आणि तोही अशा कामासाठी जे आयुष्यभर पुसलं जाणार नाही. जुन्या करारातल्या लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर अंगावर खुणा गोंदू नका असं स्पष्ट बजावलेलं आहे. या सगळ्या शंकांवर जेरुसलेमने शोधलेला उपाय अगदी साधा होता. तो म्हणजे लाकडी ठसा.

हे काम कसं चाले याचं सगळ्यात चांगलं वर्णन जाँ द थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने केलं आहे. १६५८ सालच्या एप्रिलच्या अखेरीस त्याचा आणि सोबत्यांचा सबंध दिवस हात गोंदवून घेण्यात गेला. गोंदणारे बेथलेहेमचे ख्रिस्ती होते. त्यांच्याकडे लाकडाचे साचे होते. त्यांतला हवा तो यात्रेकरूने निवडायचा. साच्यात कोळशाची पूड भरून तो हातावर दाबला की रेघा उमटत. मग गोंदणारा डाव्या हाताने यात्रेकरूच्या हाताची कातडी ताणून धरी. उजव्या हातात बारीक वेताची काडी असे आणि तिच्या टोकाला दोन सुया बांधलेल्या असत. बैलाचं पित्त घातलेल्या शाईत त्या सुया बुडवून तो रेघांवरून टोचत जाई. काम संपलं की वाइनने हात धुवायचा, कुठे रेघ सुटली का ते पाहायचं आणि सुटली असेल तिथे पुन्हा टोचायचं. दोन-तीन दिवसांनी खपली पडली की खाली निळी खूण उरे, ती कायमची.

थेवेनो मराठी इतिहासाच्या वाचकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो. १६६६ मध्ये तो सुरतेला उतरला आणि तिथून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याकडे गेला. वाटेत त्याने वेरूळची लेणी पाहिली आणि त्यांचं वर्णन लिहिलं. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या छाप्याची हकिकतही त्याच्या पुस्तकात आहे. वेरूळच्या दगडी खांबांमधून हिंडणाऱ्या या माणसाच्या हातावर जेरुसलेमच्या खुणा होत्या, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ज्या मुलखातून तो चालला होता तिथल्या बायकांच्या हनुवटीवर आणि हातांवरही गोंदण होतंच. फरक ठरवण्यात होता. आपल्याकडे दारात गोंदणारीण आली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका पोरीला तिच्यापुढे बसवत. पोरीला कुणी विचारत नसे. जेरुसलेमला येणारा माणूस जाणता असे आणि हात स्वतःहून पुढे करी.

ठसा निवडण्यात मोठा दिलासा होता. चित्र नवं काढायचं नाही, त्यामुळे ते फसण्याची धास्ती कमी. हेच चित्र आपल्या आधी शेकडो हातांवर गेलेलं आहे आणि त्यातले कित्येक हात आपल्या गावात, आपल्या चर्चमध्ये पाहिलेले आहेत, हा भरवसा त्याला चिकटलेला असे. कलाकाराची प्रतिभा इथे कुणी शोधत नव्हतं. त्याच्याकडे खरे ठसे आहेत ना आणि तो ख्रिस्ती आहे ना, एवढंच लोक पाहत. चित्रं ठरलेली असत: कुमारी मरिया आणि बाळ येशू, क्रूसावरचा येशू, पुनरुत्थान, ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज. सगळ्यांत जास्त मागणी जेरुसलेमच्या क्रूसाला, म्हणजे मधल्या मोठ्या क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चार लहान क्रूस. कित्येकांच्या मते हे पाच क्रूस म्हणजे येशूच्या पाच जखमा. खाली यात्रेचं साल घालायची पद्धत होती. आर्मेनियन लोकांमध्ये जेरुसलेमची यात्रा करून आलेल्याला ‘महदेसी’ असा मान मिळे आणि हातावरचं गोंदण हाच त्याचा दाखला असे. कागद हरवतो, चोरीला जातो, पाण्यात भिजतो. कातडीचं तसं होत नाही.

राजपुत्रही या रांगेत उभे राहिले. १८६२ मध्ये इंग्लंडचा युवराज एडवर्ड, पुढे सातवा एडवर्ड झालेला, विशीत असताना जेरुसलेमला आला आणि फ्रान्सिस सूवान नावाच्या गोंदणाऱ्याकडून त्याने हातावर क्रूस काढून घेतला. युवराजाच्या लवाजम्यातल्या एकाने सूवानला तशी चिठ्ठी लिहून दिली: काम युवराजांच्या पसंतीस उतरलं आहे, शिफारस करण्याजोगं आहे. वीस वर्षांनी, १८८२ मध्ये, एडवर्डचे मुलगे आल्बर्ट व्हिक्टर आणि जॉर्ज जेरुसलेमला आले, तेव्हा त्यांनीही तेच पाच क्रूस काढून घेतले. ज्या म्हाताऱ्याने वडिलांच्या हातावर गोंदलं होतं त्याच्याचकडून आपणही गोंदवून घेतलं, असं जॉर्जने आईला कळवलं. जॉर्जसाठी हे पहिलं गोंदण नव्हतं. आदल्या वर्षी जपानमध्ये त्याने हातावर ड्रॅगन काढून घेतला होता. जपानमधलं गोंदण त्याच्या हौसेचं होतं. जेरुसलेमला मात्र त्याने वडिलांचा गोंदणारा शोधून काढला.

या धंद्यातल्या घराण्यांपैकी एक आजही जुन्या शहरात आहे, रझूक. हे मूळचे इजिप्तचे कॉप्ट ख्रिस्ती. कॉप्ट लोक मनगटाच्या आतल्या बाजूला लहान क्रूस गोंदवतात, आणि चर्चच्या दारात ओळख पटवायला तोच पुरे, ही त्यांची जुनी रीत. घराण्याच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्याकडे हे काम सातशे वर्षं चालू आहे आणि जेरुसलेमला त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात आले. ऑलिव्हच्या लाकडाचे त्यांचे ठसे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत. त्यातल्या एकावर १७४९ हे साल कोरलेलं आहे.

या ठशांचं मोल बाहेरच्या जगाला कळलं ते जॉन कार्सवेल या इंग्रज अभ्यासकामुळे. १९५६ च्या सुमारास तो याकूब रझूकला भेटला. याकूबचा मुख्य व्यवसाय शवपेट्या बनवण्याचा होता. ईस्टरच्या दिवसांत यात्रेकरू येऊ लागले की तो गोंदायला बसे. कार्सवेलने ठशांचे छाप घेतले, कुठलं चित्र कोण निवडतं हे विचारून टिपलं आणि १९५८ मध्ये बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातर्फे ‘कॉप्टिक टॅटू डिझाइन्स’ हे पुस्तक काढलं. हे काम त्याने वेळेवर केलं. लाकूड किडतं, घराणी विखुरतात, आणि त्या शहरात विखुरणं नुकतंच होऊन गेलं होतं. १९४८ च्या युद्धात रझूक कुटुंब जॉर्डनला गेलं आणि नंतर परतलं. गोंदणारी इतर घराणी मात्र परतली नाहीत. याकूबनेच मोटारीच्या बॅटरीवर चालणारं यंत्र वापरायला सुरुवात केली. देशात असं यंत्र वापरणारा पहिला गोंदणारा तोच, असं त्याचे वंशज सांगतात.

नंतरचे धक्के राजकारणाचे होते. १९६७ च्या युद्धानंतर पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेलं आणि अरब देशांतून येणारे ख्रिस्ती यात्रेकरू जवळजवळ थांबले. इजिप्त-इस्रायल करारानंतर कॉप्ट चर्चचे प्रमुख पोप शेनूदा तिसरे यांनी अनुयायांना जेरुसलेमच्या यात्रेला बंदी केली. ज्यांच्या मनगटासाठी हा धंदा उभा राहिला तेच येईनासे झाले. शेनूदा २०१२ मध्ये वारले. त्यानंतर कॉप्ट यात्रेकरू थोडे थोडे पुन्हा येऊ लागले, पण मधली तीन दशकं या धंद्याला जड गेली.

याकूबचा नातू वासिम याने सुरुवातीला या कामात यायचं नाही असंच ठरवलं होतं. त्याचा ओढा मोटारसायकली आणि हॉटेल व्यवसायाकडे होता. आपल्यानंतर हे बंद पडणार याचं वडील अँटन यांना वाईट वाटतं हे कळल्यावर त्याने विचार बदलला आणि त्यांच्याच हाताखाली शिकला. जाफा दरवाजाजवळच्या त्याच्या दुकानात आज एकदाच वापरायच्या सुया असतात आणि निर्जंतुकीकरणाचे नियम पाळले जातात. नवीन चित्र सांगून काढून घेणारे लोकही येतात. पण यात्रेकरू बहुधा जुन्याच ठशांच्या चित्रांवर बोट ठेवतात, आणि पुन्हा यात्रेला आलेल्यांमध्ये तर नवं चित्र न घेता आधीच्या सालाखाली फक्त या वर्षाचं साल घालून घेणारेही असतात.