बृहदीश्वर ते बृहत्काय : तंजावूरच्या दगडांतला इतिहास

तंजावूरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात एका भिंतीपाशी हमखास थांबतो. मीही थांबलो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. एवढ्या दूर, तमिळ मुलखात आपली भाषा दगडावर दिसली की ऊर भरून येतो. पण आज मला त्या लेखातल्या मजकुराबद्दल बोलायचं नाही. तो लेख आणि ती भिंत यांतलं आधी काय, नंतर काय, याबद्दल बोलायचं आहे.

देऊळ राजराज चोळाने बांधलं, ते १०१० मध्ये पुरं झालं. समजा, या दोन्ही तारखा आपल्याला ठाऊक नाहीत. तरी एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येईल : भिंत आधी, लेख नंतर. ज्यात कोरलं ते जुनं, कोरलेलं ते नवं.

आता गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गाकडे चला. तिथल्या भिंतींवर नायक राजांच्या काळातली चित्रं होती. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकांच्या लक्षात आलं, की त्या चित्रांच्या गिलाव्याखाली आणखी एक थर आहे आणि त्यावर चोळकालीन चित्रं आहेत. खालचा थर जुना, वरचा नवा.

मंडळी, पृथ्वीचा इतिहास वाचायला याच दोन नियमांपासून सुरुवात होते. त्यातला थरांचा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने १६६९ मध्ये इटलीतले खडक पाहून मांडला. वाचताना साधा वाटतो, पण त्याच्या जोरावर माणसाने कोट्यवधी वर्षांचा क्रम लावला.

खुद्द तंजावूरात मात्र हा नियम लावून पाहायला खडक सापडत नाही. गाव कावेरीच्या गाळावर वसलेलं आहे. देवळाचा दगडसुद्धा बाहेरून आणलेला. म्हणून आपण उत्तरेला जाऊ. कोळ्ळिडम नदी ओलांडून चाळीसेक किलोमीटरवर अरियलूर लागतं. सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी, रणरणतं ऊन. आणि दगडात शिंपले! समुद्र इथून किती लांब, तरी दगडात शिंपले.

१८४०च्या दशकात मद्रासच्या सरकारी सेवेतले के नावाचे गृहस्थ आणि त्यांचे सहकारी यांनी या भागातले आणि पाँडिचेरीजवळचे जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवले. तिथे एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४६ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि सांगितलं, की हे थर क्रिटेशिअस काळातले आहेत. हे खडक त्यांनी जागेवर जाऊन पाहिले नव्हते. मग त्यांना कळलं कसं?

समजा, तुम्ही जुन्या वाड्याचा पाया खणताय आणि एका अस्पर्श थरात शिवराई सापडली. तो थर शिवकाळाच्या आधीचा असू शकत नाही, हे तुम्ही लगेच सांगाल. जीवाश्मांचंही तसंच. प्रत्येक प्राणी पृथ्वीवर ठरावीक काळ वावरला आणि संपला. त्याचे अवशेष दूरदूरच्या देशांत सापडले, तर ते थर एकाच काळातले म्हणून जोडता येतात. यात सगळ्यांत उपयोगी पडले अ‍ॅमोनाइट. तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल आणि त्यावर चक्र असेल, तर ते बहुधा अ‍ॅमोनाइटचंच. आपले शाळिग्राम गंडकी नदीतले, वयाने अधिक जुने. अरियलूरकडचे त्यांचे नंतरचे भाऊबंद.

पुढे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हा सगळा भाग पायी घालून नकाशे केले आणि १८६२ मध्ये थरांचे तीन गट मांडले : उट्टत्तूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर. थर पूर्वेकडे हलके कललेले आहेत. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाणं म्हणजे जुन्या काळातून नव्या काळाकडे येणं. फर्डिनांड स्टॉलिचका यांनी इथल्या जीवाश्मांवर जाडजूड खंड लिहिले. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेहून परतताना लडाखमध्ये त्यांचा अंत झाला.

या थरांतून काय कळतं? सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. सातनूरला अठरा मीटर लांबीचा, दगड झालेला वृक्ष आडवा पडला आहे. १९४० मध्ये तो एम. एस. कृष्णन यांनी उजेडात आणला. तंजावूर जिल्ह्यातल्या महाराजपुरमचे हे भूशास्त्रज्ञ पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले भारतीय संचालक झाले. वृक्ष सागरी थरांत आहे, म्हणजे किनारा जवळच होता आणि झाड वाहून आलं. खुद्द तंजावूरच्या गाळाखालीही त्या काळाचे थर खोल गाडलेले आहेत. कावेरी खोऱ्यात तेलासाठी विहिरी खणतात, तेव्हा वर येणाऱ्या चुऱ्यातले सूक्ष्म जीवाश्म भिंगाखाली पाहूनच आपण कोणत्या काळात पोचलो ते ठरवतात.

क्रिटेशिअसच्या अखेरीस, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता त्या सुमारास, कल्लमेडूजवळचा समुद्र मागे हटला होता. तिथल्या वाळूच्या थरांत डायनासोरची हाडं सापडतात. त्याच्या वरच्या थरांत समुद्र परत आला, पण त्यात अ‍ॅमोनाइट नाहीत. ते कायमचे संपले होते.

कल्लमेडूलाच यादगिरी आणि अय्यासामी यांना एक प्रचंड प्राणी सापडला. १९८७ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं बृहत्कायोसॉरस. बृहदीश्वरातला जो बृहत्, तोच इथला. त्याच्या पायाचं एक हाड दोन मीटर लांबीचं नोंदवलं गेलं. अर्जेंटिनोसॉरस हा महाकाय प्राण्यांतला गाजलेला, त्याच्या पायाचं एक हाड दीड मीटरच्या आसपास भरतं. पण बृहत्कायची हाडं ठिसूळ होती. ती भुगा होऊन गेली. उरली चित्रं आणि मोजमापं. ते हाड होतं की दगड झालेलं लाकूड, असा संशयही घेतला गेला. २०२२ मध्ये जुनी छायाचित्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा हाडांच्या बाजूला बळ मिळालं. पण मूळ वस्तू हाती नसल्याने तो खरंच केवढा होता, हा वाद मिटवता येत नाही.

उलटंही घडतं. २०२० मध्ये पेरंबलूर जिल्ह्यात मोठे गोल दगड निघाले आणि डायनासोरची अंडी म्हणून बातमी पसरली. जाणकारांनी पाहिल्यावर ती अंडी नव्हती असं निघालं.

तंजावूरात सरफोजीराजांनी पोथ्या जमवल्या, जपल्या, म्हणून सरस्वती महालात आज आपल्याला वाचायला मिळतात. दगडांच्या पोथीला असा राजा क्वचितच लाभतो. म्हणून एक विनंती. कुठे जीवाश्म दिसला, तर उचलून घरी नेऊ नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. थरातून उपटलेला जीवाश्म म्हणजे पोथीतून फाटलेलं, क्रमांक नसलेलं पान. दिसायला सुंदर, पण कोणत्या अध्यायातलं ते कोणालाच सांगता येत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.