जुनी गाडी आणि रास्त भाव

आरेत भाव पारखण्याची विद्या मोटारसायकलींच्या आधीची आहे. शहरातले गोठे बाहेर हलवण्यासाठी ही वसाहत उभी राहिली, ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि युनिटा-युनिटांतून हजारो म्हशी आल्या. म्हैस घेणारा मालकाच्या शब्दावर भाव करत नसे. तो दात पाही, कितवे वेत ते विचारी आणि लागोपाठ दोन-तीन धारा आपल्या डोळ्यांदेखत काढायला लावी. एक धार तुंबवून ठेवली की पुढच्या धारेला दूध जास्त दिसते, हे त्याला ठाऊक असे.

मित्रहो, आपल्यातल्या गोठ्यावरच्या मुलांनी जुन्या गाड्यांना हीच नजर लावली.

आपल्या वडिलांच्या काळात रास्त भावाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. बजाजची स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. त्यामुळे हातात असलेली जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग जाई! मोटारसायकल म्हणजे राजदूत, जावा-येझदी नाहीतर बुलेट. दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत आपण सर्वांनी पाहिली आहे. तीन गिअर, १७५ सीसी, कितीही ओझे घाला, कुरकुर नाही.

मग १९८५ च्या सुमारास जपानी भागीदारीतल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या: हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००. नवी गाडी मिळू लागली तशी जुनीच्या किमतीला वरची मर्यादा आली आणि घासाघिशीला अर्थ आला. सीडी फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी पिणारी, म्हणून जुनीलाही मागणी. राजदूतचा भाव मात्र घसरला, आणि माझ्या मते जरुरीपेक्षा जास्तच.

आपली पारख साधी होती. बघायला जायचे ते न कळवता, सकाळी. इंजिनाला हात लावायचा; गरम लागले तर मालकाने आधीच किक मारून ठेवली, म्हणजे धार तुंबवल्यातलाच प्रकार. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नाही, कारण केबल सोडली की आकडा थांबतो. त्याऐवजी फूटरेस्टचे रबर आणि ब्रेकचे पेडल किती झिजले ते पाहायचे. आरेतला पाऊस सायलेन्सर खालून खातो, म्हणून वाकून बघायचे. मग आरे रोडच्या चढावर डबलसीट. क्लच घसरत असेल तर तिथे लपत नाही.

भावाचा हिशेब नंतर. समजा, तशीच धडधाकट गाडी १५ हजारांना जाते आणि हिला टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी मिळून ३ हजार लागणार आहेत. तर बोलणे १२ हजारांच्या खालून सुरू. तेव्हा कुणाकडे आईच्या भिशीचे पैसे होते, कुणाकडे वडिलांनी पीएफमधून काढलेले. इंजिन उतरवायची पाळी आली असती तर दुसऱ्यांदा मागायला तोंड नव्हते.

कागदांत मात्र आपण कच्चे. आरसी बुकावरचा चॅसी नंबर हँडलखालच्या नंबराशी ताडून पाहणे, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन अंधेरी आरटीओत नाव बदलून आणणे, ह्याचा कंटाळा. काहीजण वर्षानुवर्षे दुसऱ्याच्याच नावाची गाडी चालवत राहिले. अशा गाडीचा भाव पुढे विकताना हमखास पडे.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज नीट राखलेल्या आरएक्सला तेव्हाच्या नव्या गाडीच्या कितीतरी पट पैसे मोजायला लोक तयार आहेत. ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांनी निदान चॅसी नंबर ताडून ठेवावा.