मुंबईच्या सागवानी फ्रिगेटची कुळकथा

जहाजाला धोका खालच्या समुद्राचा, असे आपण धरून चालतो. लाकडी जहाजे बांधणाऱ्या सुतारांना मात्र खरी धास्ती असे ती वरून पडणाऱ्या पावसाची. खारे पाणी लाकूड सहसा कुजवीत नाही. गोडे पाणी डेकच्या फटींतून झिरपते, तुळयांच्या टोकांशी मुरते, आणि वरून धडधाकट दिसणारे गलबत आतून भुसभुशीत होऊन जाते.

म्हणून डेकच्या दोन फळ्यांमधील फटीत जुन्या दोरखंडांचे उकललेले धागे ठासून भरीत आणि वर तापलेले डांबर ओतीत. उन्हाने ते मऊ पडे, थंडीने तडके. की पुन्हा तेच काम. दिवाळीच्या आधी घरची जमीन सारवावी तसे. फक्त इथे सण वर्षातून अनेकदा येई! शिवाय खलाशी गुडघे टेकून वाळूने व दगडाने डेक घाशीत. बसण्याच्या त्या पद्धतीवरून थट्टेने मोठ्या दगडाला 'बायबल' म्हणत. डेक लख्ख होई, आणि फळ्या झिजत जात. स्वच्छतेचा हा सोस जहाजाला महागच पडे.

या दृष्टीने 'ट्रिंकोमाली'चे नशीब पाहण्यासारखे आहे. तिचे पहिले नकाशे मुंबईला यावयाचे ते 'जावा' या जहाजातून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा नाश केला आणि नकाशेही गेले. दुसरे आले, तेव्हा जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागाची ही फ्रिगेट उभारली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. साग तेलकट असल्याने खिळ्यांना सांभाळून घेतो.

१८१९ साली ती पोर्ट्स्मथला पोहोचली, पण लढाया संपल्या होत्या. मग १८४५ पर्यंत ती बेकार, वर छप्पर घालून, बांधून ठेवलेली! मला वाटते, या बेकारीनेच तिची हाडे शाबूत ठेवली. पुढे दहा वर्षे तिने समुद्र पाहिला. १८९७ साली ती मोडीत निघाली, तेव्हा व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती विकत घेतली. त्यांचे 'फूद्रॉयां' हे जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलजवळ फुटले होते. तेच नाव त्यांनी हिला दिले. १९८६ पर्यंत मुले तिच्यावर दर्यावर्दी शिक्षण घेत राहिली.

१९९० ते २००१ या काळात हार्टलपूलला तिची दुरुस्ती झाली. कुजले ते काढावे, टिकले ते ठेवावे, एवढाच तो हिशेब. तरीही तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच राहिले. फळी बदलली म्हणजे जहाज खोटे झाले, असा आक्षेप घेणारे असतात. पण डेक ही वहाणेच्या तळव्यासारखी झिजण्यासाठीच असते. ती अडून बसली, तर पाणी बरगड्यांत शिरते.

ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत आज हीच सर्वांत जुनी. आणि तिचे नकाशे बुडविणारी 'कॉन्स्टिट्यूशन'? तीही बॉस्टनला तरंगते आहे. २०१० साली संपलेल्या दुरुस्तीत तिच्याही वरच्या डेकच्या बहुतेक फळ्या नव्या बसविल्या.