रीसेट करताना मदरबोर्ड बंद पडणे

रीसेटचे बटण दाबल्यावर किंवा रीस्टार्ट दिल्यावर संगणक पुन्हा चालू न होता पूर्ण बंद होण्याचा दोष. रीसेटमध्ये प्रोसेसर व चिपसेट मूळ स्थितीत येतात, वीज एरवी तुटत नाही. मेमरी किंवा ओव्हरक्लॉकिंगची सेटिंग बदलल्यावर काही बोर्ड क्षणभर बंद होऊन आपोआप चालू होतात. तो बिघाड नव्हे.

निदान : एटीएक्स रचनेत (इंटेल, १९९५) एसएमपीएसच्या (संगणकाच्या वीजपुरवठा एककाच्या) दोन तारा निर्णायक ठरतात. जांभळ्या तारेवर (२४ पिनांच्या जोडात क्र. ९) संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतात. हिरवी तार (क्र. १६) बोर्डाने ग्राउंडला ओढली की एसएमपीएस चालू होतो. म्हणून संगणक बंद पडताच, मेन स्विच चालूच ठेवून, मल्टिमीटरचा काळा प्रोब काळ्या तारेवर ठेवावा आणि लाल प्रोबने, जोडाच्या मागच्या बाजूने, आधी जांभळी व मग हिरवी तार तपासावी. जांभळी ठीक आणि हिरवीवर ५ व्होल्टच्या आसपास दाब असेल, तर बंद होण्याचा आदेश बोर्डाने दिला. जांभळी ठीक आणि हिरवी शून्याजवळ असेल, तर बोर्ड वीज मागतो आहे, एसएमपीएस देत नाही. एसएमपीएसचे अंतर्गत संरक्षण लागू झाले असावे. हे न मोजता सुटे भाग बदलत जाणे ही दुरुस्तीची सर्वांत खर्चिक रीत होय.

बोर्डाकडील कारणे : पुढच्या पॅनेलच्या नेहमीच्या पट्टीवर रीसेट ५–७ आणि पॉवर ६–८ या पिनांवर, म्हणजे अगदी समोरासमोर असते. तारांची अदलाबदल झाल्यास रीसेटचे बटण पॉवरचे काम करते आणि सुमारे चार सेकंद दाबून धरल्यास वीज तोडते. जुन्या बोर्डांत फुगलेले कॅपॅसिटरही आढळतात. सीमॉस सेलच्या (बोर्डावरील सेटिंग जपणाऱ्या बॅटरीच्या) या दोषातील भूमिकेबाबत एकमत नाही.

कोलशेतमधील स्थिती : हा ठाण्याचा खाडीकाठचा भाग, पूर्वी रासायनिक कारखान्यांचा, आता गृहसंकुलांचा. खाऱ्या, दमट हवेत जोडांच्या पिनांवर गंज चढतो. पावसाळ्यात आधी जोड काढून साफ करून घट्ट बसवावेत. वीज महावितरणची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याचा पुरवठा खंडित झाला तेव्हा संगणक बंद पडले, पण तसे बंद पडणे या नोंदीत येत नाही. दर वेळी रीसेटच्याच क्षणी बंद पडत असल्यास दोष यंत्रातच शोधावा.

सुटे भाग : ठाण्यात, न मिळाल्यास मुंबईत लॅमिंग्टन रोडवर.

लॅपटॉप : एटीएक्सच्या तारा नसल्याने वरील कसोटी लागू नाही.