चटई आणि गोणपाट

लहान मुलांना शिष्टाचार शिकवावा ह्याविषयी आपल्याकडे कधीच दुमत नव्हते. वडीलधाऱ्यांस नमस्कार करावा, मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालू नये, पंक्तीत सरळ मांडी घालून बसावे, दुसऱ्याच्या वस्तूस विचारल्यावाचून हात लावू नये, हे धडे मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या दिले गेले आहेत. मात्र ह्या सगळ्या शिकवणुकीचा ओघ एकाच दिशेने वाहत आला. मुलाने मोठ्यांशी कसे वागावे हे सांगितले गेले. मोठ्यांनी मुलाशी कसे वागावे हे फारसे कोणी विचारले नाही. मुलाच्या शरीरावर मुलाचाही काही अधिकार आहे, त्याच्या मनात नसताना त्याचा गालगुच्चा घेऊ नये, पाहुण्यांच्या मांडीवर जावयाचे नसेल तर त्याला पुढे ढकलू नये, असे कोणी म्हटले असते तर घरातली मंडळी हसली असती. ही कल्पना आपल्या देशात कोणत्या वाटेने शिरली, आणि वाटेत तिला आपल्याच घरच्या कोणत्या जुन्या भिंतीशी गाठ घालावी लागली, त्याचा थोडा इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

त्या वाटेचा एक उगम रोम शहरातल्या सान लोरेन्झो ह्या मजूरवस्तीत आहे. तेथे आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान पोरे जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठी ६ जानेवारी १९०७ रोजी एका चाळवजा इमारतीत एक खोली उघडण्यात आली आणि तिची व्यवस्था डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांच्याकडे सोपविण्यात आली. बाई व्यवसायाने डॉक्टर. मुलांना शिकविण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहत बसावे, ही सवय त्यांना बहुधा त्या व्यवसायानेच लावली असावी.

त्यांच्या पद्धतीतली साधने, ठोकळे, मणी, खरखरीत कागदाची अक्षरे ह्यांचीच चर्चा नेहमी होते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक साधी चटई. मूल आपले साधन घेते, जमिनीवर लहानशी चटई अंथरते आणि त्यावर काम मांडते. चटई पसरली की तेवढी जागा त्या मुलाची झाली. दुसऱ्याने तिच्यावर पाय द्यावयाचा नाही, कडेने जावयाचे. मांडलेल्या वस्तूला हात लावावयाचा नाही; फार तर जवळ उभे राहून पाहावयाचे. शिवाय प्रत्येक साधन वर्गात एकच. ते दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबल्यावाचून गत्यंतर नाही. तीन-चार वर्षांच्या मुलास ‘दुसऱ्याचा मान राख’ असे शंभर वेळा सांगितल्याने जे समजत नाही, ते ह्या दोन नियमांनी त्याच्या पायांना आणि हातांना समजते. आणि ते समजण्याचे कारण असे, की आज जो थांबला आहे त्याची चटईसुद्धा उद्या कोणी तुडविणार नाही, ह्याचा त्याला रोज अनुभव येत असतो.

ह्या बाईंनी सांगून ठेवलेल्या दोन हकिकती येथे सांगावयास हव्यात. पहिली नाक शिंकरण्याची. आपल्याकडे ‘शेंबडे पोर’ ही शिवीच आहे. रोमच्या त्या मुलांनाही ह्याच कारणावरून उठल्याबसल्या बोलणी खावी लागत. एके दिवशी बाईंनी त्यांना हातरुमाल कसा काढावा, कसा धरावा, आवाज न करता आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर न येता नाक कसे स्वच्छ करावे, ते सावकाश करून दाखविले. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. ती हसली नाहीत. एकाग्रतेने पाहत राहिली, आणि धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंच्या ध्यानात आले की ह्या गोष्टीवरून मुलांना आजवर सगळ्यांनी लाजविले होते. शिकविले मात्र कोणीच नव्हते.

दुसरी हकीकत ह्याहून सूक्ष्म आहे. एका पाण्याच्या पात्रात खेळणी तरंगत होती आणि मुलांनी त्याभोवती गर्दी केली होती. अडीच वर्षांच्या एका मुलास पुढे जाता येईना. त्याने इकडेतिकडे पाहिले, एक लहान खुर्ची त्याच्या दृष्टीस पडली, आणि तिच्यावर चढून पाहावे ह्या विचाराने त्याचा चेहरा उजळला. इतक्यात शिक्षिकेने मोठ्या मायेने त्याला उचलले आणि सर्वांच्या डोक्यांवरून खेळणी दाखविली. त्याला खेळणी दिसली. परंतु चेहऱ्यावरचे ते तेज विझले. श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे. ह्या प्रसंगात कोणी मुलाला मारले नाही, रागावले नाही, अपमान केला नाही. जे झाले ते प्रेमाने झाले. तरीही मर्यादा ओलांडली गेली, असे त्या बाईंना दिसले. बोलाविल्यावाचून मुलाला हात लावू नये, असा दंडक त्यांनी शिक्षकांना पुढे घालून दिला, त्याच्या मुळाशी असलीच निरीक्षणे असली पाहिजेत.

चटईची ही गोष्ट ऐकताना मराठी माणसास दुसऱ्या एका बैठकीची आठवण झाल्यावाचून राहू नये. रोममधली ती खोली उघडण्याच्या सहा-सात वर्षे आधी साताऱ्याच्या शाळेत भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक मुलगा शिकत होता. त्याचीही बसण्याची जागा ठरलेली होती. वर्गात एका कोपऱ्यात, इतरांपासून दूर, गोणपाटाच्या तुकड्यावर. त्या गोणपाटास शाळेचा झाडणारा नोकरसुद्धा शिवत नसे. म्हणून संध्याकाळी ते घरी न्यावयाचे आणि सकाळी पुन्हा आणावयाचे. तहान लागली तर नळास स्वतः हात लावावयाचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळावयाचे. बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे.

वरवर पाहणाऱ्यास दोन्ही चित्रे सारखीच दिसतील. जमिनीवर एक तुकडा, त्यावर एक मूल, आणि इतरांनी त्या तुकड्यास शिवावयाचे नाही. परंतु चटई मुलाने आपल्या हाताने अंथरलेली असते, आणि काम संपले की तोच ती गुंडाळून ठेवतो. गोणपाटाची रेघ दुसऱ्यांनी आखलेली होती, आणि ती पुसण्याची सत्ता त्या मुलाच्या हाती नव्हती. एकीकडे न शिवण्यात आदर आहे, दुसरीकडे न शिवण्यात घृणा आहे. मुलांना मर्यादा शिकविणे हे काम आपल्या देशात युरोपपेक्षा कठीण का व्हावे, ह्याचे उत्तर मला येथे सापडते. ‘शिवू नकोस’ हे शब्द आपल्या बाळांच्या कानांवर पुष्कळ लवकर पडत. पण त्यांचा अर्थ ‘त्याला ते आवडणार नाही’ असा नसून ‘तू विटाळशील’ असा असे. स्पर्शाचा विचार आपल्याकडे नव्हता असे नाही, फार होता. मात्र तो जातीचा आणि सोवळ्याओवळ्याचा विचार होता, मुलाच्या मनाचा नव्हता. नवी मर्यादा रुजवू पाहणाऱ्याला म्हणूनच येथे आधी एक जुनी मर्यादा मोडावी लागली.

हे काम प्रथम हाती घेणाऱ्यांत गिजुभाई बधेका होते. मूळचे वकील, १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. लोक त्यांस ‘मिशीवाली आई’ म्हणत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकातला शिक्षक लक्ष्मीराम मोठ्या उत्साहाने चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळावयास लावतो. वर्गात असा काही गोंधळ उडतो की बिचाऱ्याला हात टेकावे लागतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तेव्हा कोठे मुले आपण होऊन गप्प बसतात. माँटेसोरीबाईंचा हा लाडका खेळ फसल्याची कबुली त्यांच्याच अनुयायाने इतक्या खेळकरपणे द्यावी, ह्यात गिजुभाईंचा मोठेपणा दिसतो. छडीच्या जागी शांततेचा हुकूम आणला तरी तो हुकूमच राहतो, हे त्यांस उमगले होते. जून १९३९ मध्ये ते वारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या. दोघांची भेट झाली नाही.

गिजुभाईंना १९२३ मध्ये येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक ह्यांनी ही दृष्टी मराठी मुलखात आणली. दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गाची मुले होती. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. अनुताई स्वतः बालविधवा. आपल्याविषयीचा निर्णय न विचारता घेतला जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

बोर्डीत बालवाडी उघडली; पण दलित वस्तीतली मुले तिच्यात येईनात. ताराबाईंनी आईबापांस दोष दिला नाही. शाळाच उचलून त्यांनी त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती संस्था जन्मली ती अशी. गावकुसाबाहेरच्या मुलांना न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे, नखे काढणे, हा शिक्षिकांच्या रोजच्या कामाचा भाग होता. ज्या मुलांची सावलीही नको म्हणणारी माणसे गावोगाव होती, त्यांच्या डोक्यावरून पाणी घालणारा हा हात होता. गोणपाटाची रेघ तेथे पुसली गेली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज अंगणवाडी म्हटले की बहुतेकांस खाऊ आणि वजनकाटा आठवतो, त्या अंगणाचा अर्थ आठवत नाही, हे थोडे खेदाचे आहे.

एवढे सगळे मान्य करूनही ह्या चळवळीतली एक उणीव सांगावयास हवी. मोठ्या माणसाने बदलावे हे तिने सांगितले. मोठा माणूस घातकही असू शकतो, आणि तो बहुधा ओळखीचाच असतो, हे मुलास कसे सांगावे ह्याविषयी ती जवळजवळ मुकी राहिली. काळच तसा होता, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण त्या मौनाची किंमत मुलांनी दिली. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक मुलांनी, नेमके सांगावयाचे तर ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अशा प्रकारांतील निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाच्या जागी बसलेली होती. आणि बहुतेक मुलांनी त्याविषयी कोणालाही काही सांगितले नव्हते. शाळेतल्या मारहाणीचा आकडा तर ६५ टक्के होता, म्हणजे गिजुभाईंच्या बालमंदिरास ८७ वर्षे झाली तरी छडी हयातच होती.

कायदा सावकाश आला. दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी शाळेत शारीरिक शिक्षेस मुभा देणारे तेथील नियम रद्द केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोहोंस देशभर मनाई केली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनीच, अंमलात आला.

त्यानंतर शाळाशाळांतून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे धडे सुरू झाले. हेतू निःसंशय उत्तम; शब्दयोजना मात्र मला पटत नाही. डॉक्टरांची सुई दुखते, म्हणून ती मुलास वाईट वाटते. उलट गोड बोलणाऱ्या, खाऊ आणणाऱ्या माणसाचा स्पर्श पाच वर्षांच्या मुलास वाईट वाटेलच असे नाही. आणि तो वाईट होता असे पुढे कळले, तर आपणच वाईट, असा समज ते करून घेते. म्हणून ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द आता पुष्कळ शिक्षक वापरतात, ते अधिक बरे. परंतु शाळेत अर्धा तास ‘नाही म्हणावयास शीक’ असा धडा घ्यावयाचा, आणि घरी आल्यावर त्याच मुलीस ‘काकांना पापा दे, लाजतेस काय’ म्हणून पुढे ढकलावयाचे, तर त्या दोन धड्यांपैकी तिने कोणता खरा मानावा? ज्या मुलाची चटई रोज तुडविली जाते, त्यास चटईचे चित्र दाखवून काय उपयोग?

२०१२ च्या कायद्यात मुलाचा जबाब घेण्याविषयी एक तरतूद आहे, ती ताराबाईंना आवडली असती. जबाब मुलाच्या घरी, अथवा ते जेथे नेहमी राहते वा त्याला जेथे योग्य वाटेल तेथे घ्यावयाचा. शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावयाचा. आणि त्या वेळी अंगावर गणवेश असता कामा नये. राज्याची सत्ता येथे गणवेश उतरवून मुलाच्या अंगणात येऊन बसते. त्या अंगणात मुलाने स्वतःच्या शब्दांत काय घडले ते सांगावयाचे असते. आपल्या घरांत डोळे, नाक, कान, गुडघा, कोपर ह्यांची नावे मुलास दोन वर्षांच्या आत पाठ होतात. शरीराच्या ज्या भागांविषयी त्याला त्या दिवशी बोलावे लागणार असते, त्यांना मात्र पुष्कळ घरांत ‘शूची जागा’ यापलीकडे नाव नसते, आणि ते उच्चारले की कोणीतरी त्याला गप्प केलेले असते.