वारसाने आलेली रायफल आणि तिच्यावरचा शिक्का

आजोबांच्या किंवा पणजोबांच्या मागे राहिलेली लष्करी रायफल घरात निघाली, की वारसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हिची किंमत किती येईल?’ साखर कारखान्यांच्या वसाहतींतून सभासद नोंदवीत हिंडताना हा प्रश्न आम्हांलाही अनेकदा ऐकावा लागला आहे. कामगार संघटनेच्या माणसाला बंदुकीतले काय कळणार, ही शंका विचारणाऱ्याला कधी येत नाही, आणि आम्हीही ती त्याच्या मनात भरवून देत नाही. परंतु किमतीच्या आधी दुसरा प्रश्न आहे : ही मुळात कोणाची?

त्याचे उत्तर पुष्कळदा लोखंडावरच असते. आपल्याकडे जिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात ती शॉर्ट ली-एन्फील्ड. बोल्टच्या मुठीखाली, जेथे दस्ता लोखंडाला मिळतो, तेथे उजव्या अंगाला पाहावे. मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल अशी ओळ सापडते. ‘एन्फील्ड’ असेल तर ती विलायतेतली. ‘लिथगो’ असेल तर ऑस्ट्रेलियातली. ‘इशापूर’ असेल तर कलकत्त्याजवळ हुगळीकाठी आपल्याच मजुरांनी घडविलेली. इशापूरच्या मुकुटाखाली ‘जी. आर.’पुढे ‘आय.’ हे जादा अक्षर असते, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. पुढे मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. एका अक्षरात राज्य कळते! मार्क तीनच्या आकड्यापुढे तारा असेल तर पहिल्या महायुद्धाच्या घाईत काही भाग गाळून केलेली ती सोपी घडण होय. नळीकडच्या भागावर व बोल्टच्या मुठीवर एकच क्रमांक जुळला तर रायफल मूळ जोडणीतली. न जुळला तर दुरुस्तीखात्यातून फिरून आलेली.

मात्र मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा आणि नळी आतून गुळगुळीत असेल, तर ती खरी रायफलच नव्हे. ती ‘चारशेदहा’ची मस्केट, पोलीस व पहारेकऱ्यांसाठी त्याच सांगाड्यावर केलेली. एका वेळी एक बार आणि काडतूसही निराळे. कोणी हिसकावून नेली तरी तिचा फारसा उपयोग होऊ नये, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्यांहून एक पिढी जुनी बंदूक देण्याची जी रीत पडली, तिचीच ही धाकटी बहीण. पगार घ्यावा, पहारा करावा, पण विश्वास मागू नये. ही वागणूक आमच्या ओळखीची आहे.

आता घरच्या कथेकडे वळू. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडले गेले ते उगीच नव्हे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. अशा घरांतून ‘पणजोबांनी बसऱ्याहून आणलेली रायफल’ असे सांगतात. तथापि शिपायाची रायफल सरकारची असे. ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करूनच त्याला घरी जावे लागे. पेन्शनीसोबत पदके येत, रायफल येत नसे. अशा घरात निघते ती बहुधा परवान्यावर घेतलेली बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक. त्याने पणजोबांचे शौर्य कणभर कमी होत नाही.

दुसरी कथा प्रतिसरकारची. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या सरकारपाशी माणसे पुष्कळ आणि हत्यारे थोडी होती. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका हस्तगत करून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे हुतात्मा झाले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. त्या बंदुका दुकानातून आल्या नव्हत्या. ज्यांच्या जोरावर राज्य चालले त्यांच्याच हातून आल्या होत्या. म्हणून ‘ही चळवळीतली’ असे घर म्हणते तेव्हा शिक्का ताडून पाहावा. त्यावर १९४३ नंतरचे साल किंवा सिंह असतील, तर निदान तुरुंग फोडणाऱ्यांच्या हाती ती नव्हती. उलट, सरकारी बंदूक गेली म्हणजे तिचा क्रमांक कोठेतरी लिहिला जाई. लोखंडावरचा क्रमांक त्या कागदाशी जुळला, तर घरच्या कथेला मिळणारा तो सर्वांत भक्कम पुरावा.

उरला किमतीचा प्रश्न. विलायतेत-अमेरिकेत संग्राहक जुळते क्रमांक, मूळ लाकूड व पलटणीची खूण पाहून पैसे मोजतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू आहे, आणि थ्री-नॉट-थ्री हा निषिद्ध बोअर आहे. नागरिकांसाठी सरकारी कारखान्याने त्याच धाटणीची ‘तीनशेपंधरा’ची रायफल काढली ती याच कारणाने. तेव्हा परवाना नसलेल्या लष्करी रायफलीला बाजारभाव नाही. तिला फक्त कलमे आहेत. परवानाधारक वारला तर वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. कोणी ‘इतके लाख देतो’ म्हणत रात्री दारी आला, तर त्याला चहाही देऊ नये.

जमा करण्यापूर्वी शिक्के, क्रमांक आणि जुना परवाना यांची नक्कल ठेवावी. पावतीवर क्रमांक लिहून घ्यावा. रायफल घासूनपुसून चकचकीत करू नये, पॉलिश पेपरने शिक्का जातो. बार उडवून पाहण्याचा मोह तर सोडूनच द्यावा. सोबत काडतूस निघाले तर त्याच्या बुडाशी असलेली अक्षरेही टिपावीत. ‘के’ आणि ‘एफ’ असतील तर ते खडकीच्या कारखान्यातले.

कागद शोधताना जुना नकाशा समोर हवा. वाळवा आणि तासगाव तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होते, सांगली शहर सांगली संस्थानात, आणि कुंडल औंध संस्थानात. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. एकाच चळवळीतल्या तीन बंदुकांसाठी तीन सरकारांची दप्तरे उघडावी लागतात.